घोरणे आणि नियमपुस्तिका

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते रेल्वेत अभियंता असून लक्ष्मीबाई नगरात राहतात.)



कार्यवाहांनी व्याख्यानासाठी विचारले तेव्हा मी त्यांना म्हटले, "अहो, मी डिप्लोमावाला माणूस. रूळ, स्लीपर आणि खडी यांपलीकडे मला काय येतं?" ते म्हणाले, "मग स्लीपरवरच बोला." मी त्यांचे निम्मे ऐकले आहे. स्लीपरऐवजी 'स्लीप'वर बोलणार आहे. झोपेत श्वास अडकण्याचा जो आजार आहे, ज्याला डॉक्टर स्लीप ॲप्निया म्हणतात, तो मला आहे. पण आजाराची माहिती द्यायला डॉक्टर पुष्कळ आहेत. मला बोलायचे आहे ते या आजारासाठी डॉक्टरांकरिता ज्या नियमपुस्तिका लिहिल्या जातात त्यांच्याविषयी. नियमपुस्तिका कशी वाचावी, एवढे मात्र पंचवीस वर्षांच्या नोकरीत शिकलो आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. लागोपाठ तीन रात्री ब्लॉक झाला होता. रुळांवर काम करण्यासाठी गाड्या थांबवून जो वेळ मिळतो त्याला आम्ही ब्लॉक म्हणतो. चौथ्या दिवशी सकाळी पुश ट्रॉलीवर बसून सेक्शन पाहायला निघालो. ऊन कोवळे, ट्रॉली संथ. फिशप्लेटचे बोल्ट पाहतो आहे एवढे आठवते. त्यानंतर आठवते ते थेट ट्रॉलीमनने माझा दंड घट्ट धरल्याचे आणि त्याचे शब्द, "साहब, सो गए थे आप." मी पुढे झुकलो होतो. माझे डोके आणि रूळ यांत फार अंतर उरले नव्हते.

घरी येऊन मी जागरणावर खापर फोडले. सौभाग्यवती म्हणाल्या, "जागरण नसतं तेव्हाही तुम्ही असेच. रात्री तुमचा श्वास बंद पडतो. मी आकडे मोजत बसते. परवा सतरापर्यंत मोजले." (क्वार्टर त्यांच्या नावावर आहे, त्या केंद्र सरकारच्या नोकरीत आहेत, त्यामुळे घरात त्यांचे म्हणणे नोंदवून घ्यावे लागते.)

पुढच्या पंधरा दिवसांत मी तीन डॉक्टरांकडे गेलो. पहिले म्हणाले, घोरतात सगळेच, वजन कमी करा. दुसऱ्यांकडे एक फॉर्म भरला, आठ प्रश्नांचा. तो पाहून त्यांनी तपासणीशिवायच मशीन घ्यायला सांगितले आणि विक्रेत्याचा नंबरही दिला. तिसरे म्हणाले, रात्रभर प्रयोगशाळेत तारा लावून झोपल्याशिवाय एक शब्दही बोलणार नाही. तिघेही शिकलेले, तिघेही नाव असलेले. माझ्या जागी तुम्ही असता तर काय केले असते? रेल्वेत दोन साहेबांचे दोन हुकूम आले की आम्ही मॅन्युअल उघडतो. मी तेच केले.

आजार काय आहे ते थोडक्यात सांगतो. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. मऊ रबरी नळीतून जोराने हवा ओढली की ती जशी आत चिकटते, तसा घसा चिकटतो. श्वास दहा सेकंद किंवा जास्त बंद राहिला की त्याला ॲप्निया म्हणतात. पूर्ण बंद न होता उथळ झाला तर हायपॉप्निया. मेंदू घाबरून माणसाला क्षणभर जागे करतो, घसा उघडतो, मोठ्याने घोरणे होते, पुन्हा झोप. सकाळी यातले काही आठवत नाही. तासाला असे प्रकार किती झाले याचा आकडा म्हणजे ए.एच.आय. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. उपचारातील मुख्य साधन म्हणजे सी-पॅप, नाकावरच्या मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारे यंत्र. ते सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये जगापुढे आणले.

हा लठ्ठ गोऱ्यांचा आजार आहे असा समज होता. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया यांनी २००४ मध्ये ३५ ते ६५ वयाच्या मुंबईकर पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात १९.५ टक्के पुरुषांचा श्वास झोपेत बिघडत होता आणि ७.५ टक्क्यांना त्याच्या जोडीला दिवसाची झोपही होती. २००६ मध्ये एम्सच्या डॉ. सुरेंद्र कुमार शर्मा आणि सहकाऱ्यांनी दिल्लीतला आकडा दिला, १३.७ टक्के, आणि लक्षणांसह ३.६ टक्के. या मंडपात किती जण बसले आहेत ते पाहा आणि तोंडी हिशेब करा.

आता नियमपुस्तिकांकडे येतो. पहिल्याच पानापाशी मला घरी आल्यासारखे वाटले. आमच्या रेल्वेच्या नियमांत 'शॅल' आणि 'शुड' असे दोन शब्द असतात. 'शॅल' म्हणजे केलेच पाहिजे, 'शुड' म्हणजे करावे. चौकशी लागली की या दोन शब्दांवर माणसाची नोकरी टिकते किंवा जाते. डॉक्टरांच्या पुस्तिकांतही तसेच आहे. शिफारस 'ठाम' असते किंवा 'सशर्त' असते, आणि तिच्या शेजारी, तिला आधार असलेला पुरावा कोणत्या दर्जाचा आहे तेही लिहिलेले असते. ही दुसरी गोष्ट आमच्या मॅन्युअलमध्ये नाही. असती तर बरे झाले असते.

अमेरिकेच्या झोपवैद्यांच्या संस्थेची २०१७ ची पुस्तिका आहे, निदानाबद्दलची. तिच्यात ठामपणे म्हटले आहे की नुसत्या प्रश्नावलीवरून हे निदान करू नये. प्रयोगशाळेतील किंवा घरची झोप-तपासणी हवी. म्हणजे माझे दुसरे डॉक्टर 'शॅल' मोडत होते. त्याच पुस्तिकेत असेही आहे की ज्याला दुसरा मोठा आजार नाही आणि लक्षणे स्पष्ट आहेत, त्याची घरी केलेली तपासणी चालते. म्हणजे तिसरे डॉक्टर चुकीचे नव्हते, पण जरा जास्तच कडक होते. आणि पहिले? अमेरिकेतील फिजिशियनांच्या कॉलेजची २०१३ ची उपचारांची पुस्तिका उघडली. वजनदार रुग्णांना वजन कमी करायला सांगा, ही शिफारस ठाम आहे. शेजारी लिहिले आहे, पुरावा कमी दर्जाचा. हे वाचून मी बराच वेळ विचार करत होतो. पुरावा कच्चा आणि हुकूम पक्का, असे कसे? मग लक्षात आले, वजन कमी केल्याने नुकसान काही नाही आणि फायदे इतर पुष्कळ आहेत, म्हणून हुकूम पक्का. पण त्याच पानावर सी-पॅपही पहिला उपचार म्हणून ठामपणे सांगितला आहे. पहिल्या डॉक्टरांनी मला अर्धे पान वाचून दाखवले होते.

आता आपल्या दाराशी येऊ. आयएनए स्टेशनवर मेट्रोत बसलात की पुढचे स्टेशन एम्स. भारताची स्वतःची नियमपुस्तिका आहे, तिचे नाव 'इनोसा', २०१४ ची पहिली आवृत्ती. भारत सरकारच्या आरोग्य संशोधन विभागाच्या पुढाकाराने ती झाली आणि तिच्या लेखकांत अग्रभागी नाव आहे ते त्याच एम्सच्या डॉ. शर्मांचे. ती चाळताना एका वाक्यावर मी थबकलो. मोटारचालक, विमानचालक, रेल्वेचालक आणि अवजड यंत्रांवरचे कामगार यांची वैद्यकीय तपासणी करणाऱ्यांना या आजाराचे शिक्षण द्यावे, आणि त्यांनी उमेदवारांची या दृष्टीने पूर्ण तपासणी करावी, असा त्याचा अर्थ. रेल्वेचालक! मेट्रोच्या एका स्टेशनावर आमच्या बिरादरीचे नाव छापलेले होते आणि आमच्या ऑफिसात ते एकालाही ठाऊक नव्हते. मलाही ट्रॉलीवरून पडता पडता वाचल्यावर कळले.

चांगले वाक्य छापले गेले म्हणून पुस्तिका चांगली ठरते का? हे तपासण्याचे एक मापच तयार केलेले आहे. त्याचे नाव 'ॲग्री'. २००३ मध्ये ते आले आणि २०१० मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. २३ प्रश्न, सहा गट, प्रत्येक प्रश्नाला १ ते ७ गुण. व्याप्ती आणि हेतू स्पष्ट आहे का? संबंधितांना, त्यात रुग्णही आले, विचारले का? पुरावा शोधण्याची आणि तोलण्याची पद्धत काटेकोर आहे का? भाषा स्पष्ट आहे का? प्रत्यक्षात वापरता येईल का, खर्चाचा आणि अडचणींचा विचार केला आहे का? आणि शेवटचा गट, लिहिणारे स्वतंत्र आहेत का, पैसा कोणी दिला, कोणाचे हितसंबंध आहेत? निदान दोघांनी, शक्यतो चौघांनी, वेगवेगळे बसून गुण द्यायचे.

हिशेब मागच्या रांगेसाठी सांगतो. शेवटच्या गटात दोन प्रश्न. चार परीक्षक असतील तर किमान गुण ८, कमाल ५६. चौघांचे मिळून २० गुण आले, तर २० मधून ८ वजा, १२, त्याला ४८ ने भागा, २५ टक्के. आणि या मापाची मला सर्वांत आवडलेली गोष्ट अशी की सहा गटांची सरासरी काढायची नाही, असे ते बजावते. आम्हाला हे समजावून सांगावे लागत नाही. गेज उत्तम आहे आणि ट्विस्ट वाईट आहे, तर दोन्हींची सरासरी काढून कोणी रूळ पास करत नाही. गाडी सरासरीवरून धावत नाही, ती ट्विस्टवर घसरते.

या मापाने सर्व प्रकारच्या आजारांच्या एकूण ६२६ पुस्तिका तपासल्याचा एक आढावा २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. व्याप्तीला सरासरी ६४, स्पष्टतेला ६०. पद्धतीच्या काटेकोरपणाला ४३. संबंधितांच्या सहभागाला ३५. स्वातंत्र्याला ३० आणि प्रत्यक्ष वापराला २२. म्हणजे भाषा छान, हेतू उत्तम, पण पैसे कोणाचे ते अंधुक आणि करायचे कसे ते त्याहून अंधुक. मला हा निकाल कुठल्याही सरकारी परिपत्रकाचा वाटला.

मात्र एक सांगितले पाहिजे. ॲग्री हे माप पुस्तिका कशी बनवली ते सांगते, तिच्यातील सल्ला बरोबर आहे की नाही ते सांगत नाही. काँक्रीटचे सगळे रजिस्टर व्यवस्थित भरलेले असते आणि तरी ठोकळा तडकलेला निघतो, हे आपण पाहिले आहे. उलटही होते.

मी काही परीक्षक नाही, त्यामुळे इनोसाला गुण देण्याचा आगाऊपणा करणार नाही. पण वाचक म्हणून माझे मत आहे. भाषा स्पष्ट आहे. कोणाला संशय घ्यावा, कोणती तपासणी, यंत्र कधी, जबड्याला लावायचे साधन कधी, शस्त्रक्रिया कधी, सगळे क्रमाने आहे. अडते ते पाचव्या गटात. रात्रभर देखरेखीखाली केलेली तपासणी हे सोन्याचे माप, असे त्यात म्हटले आहे. दिल्लीत ठीक. पण बल्लारशाह, मनमाड किंवा दौंडच्या रनिंग रूममधला माणूस त्या खाटेपर्यंत कसा पोचणार? शिवाय २०१४ नंतर पुष्कळ घडले. २०१६ मध्ये 'सेव्ह' नावाची मोठी चाचणी आली, भारतासह सात देशांतली, हृदयविकार किंवा पक्षाघात झालेल्या २,७१७ रुग्णांची. सी-पॅपने झोप आणि मनःस्थिती सुधारली, पण पुढचे हृदयविकार टळले नाहीत. लोकांनी यंत्र रात्री सरासरी ३.३ तासच लावले होते. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत टिर्झेपटाइड हे वजन घटवणारे इंजेक्शन लठ्ठ रुग्णांमधील मध्यम व तीव्र स्लीप ॲप्नियासाठी मंजूर झाले. जुन्या पुस्तिकेत हे कुठून असणार? आमच्याकडे करेक्शन स्लिपा येतात. त्या मॅन्युअलमध्ये चिकटवायचा कंटाळा आम्ही करतो ही गोष्ट वेगळी.

आणखी एक गोंधळ आहे, तो मापाचाच. माझी प्रयोगशाळेतली तपासणी झाली. अहवालात दोन आकडे होते, ३६ आणि २४. मी विचारले, मी तीव्र की मध्यम? तंत्रज्ञ हसला. त्याचे कारण असे की उथळ श्वास कशाला म्हणायचे याचे दोन नियम आहेत. एक म्हणतो, रक्तातला ऑक्सिजन ४ टक्के उतरला तरच मोजा. दुसरा म्हणतो, ३ टक्के उतरला किंवा झोप चाळवली तरी मोजा. त्याच अमेरिकन संस्थेने २००७ मध्ये पहिल्याची शिफारस केली आणि २०१२ मध्ये दुसऱ्याची. रात्र तीच, रुग्ण तोच, नाकातल्या नळ्याही त्याच. गेज कुठून कुठपर्यंत मोजायचा हे ठरवल्याशिवाय १६७६ मिलिमीटर या आकड्याला अर्थ नसतो. तेव्हा तुमच्यापैकी कोणी असा अहवाल हातात घेतला, तर आकड्याच्या आधी विचारा, कोणत्या नियमाने मोजला?

आता रेल्वेची गोष्ट. २६ फेब्रुवारी २००३ रोजी जपानमध्ये सान्यो शिंकान्सेनचा चालक ताशी २७० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीत सुमारे आठ मिनिटे झोपला. गाडी ओकायामा स्टेशनात स्वयंचलित यंत्रणेने थांबवली, ठरलेल्या जागेच्या अलीकडे. कोणाला खरचटलेही नाही. तपासणीत त्याला हाच आजार निघाला. न्यूयॉर्कचे लोक तेवढे नशीबवान नव्हते. १ डिसेंबर २०१३ रोजी स्पायटन डायव्हिलच्या वळणावर, जिथे ताशी ४८ किलोमीटरची मर्यादा होती तिथे, लोकल गाडी ताशी १३२ ने शिरली. चार जण मेले. चौकशीत कारण निघाले ते चालकाला लागलेली झोप. तीव्र स्लीप ॲप्निया, जो कोणी कधी तपासलाच नव्हता, आणि त्यात नुकतीच बदललेली पाळी. मार्च २०१६ मध्ये अमेरिकेच्या रेल्वे प्रशासनाने चालकांच्या तपासणीचा नियम करण्याची प्राथमिक सूचना काढली. सप्टेंबरमध्ये होबोकेन स्टेशनात आणखी एक गाडी धडकली, एक महिला मेली, पुन्हा तोच आजार. ऑगस्ट २०१७ मध्ये ती सूचना मागे घेतली गेली. हे मला अजून पचलेले नाही.

आपल्या इंजिनांत दक्षता यंत्र असते. चालकाने साधारण मिनिटभर कशालाही हात लावला नाही तर दिवा, मग बझर, मग ब्रेक. चांगली सोय आहे. पण माणूस अर्धवट झोपेत हात हलवायलाही शिकतो.

माझा एक मित्र लोको पायलट आहे. गरगरीत मान, दुपारी बोलता बोलता पेंग, बायको दुसऱ्या खोलीत झोपते. मी त्याला इनोसातले ते वाक्य दाखवले आणि म्हटले, तपासून घे. त्याने वाचले, कागद घडी करून मला परत दिला आणि म्हणाला, "आणि डीकॅट झालो तर? मायलेज तू देणार? पोरीचं इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष आहे." मला उत्तर देता आले नाही. त्या वाक्यात तपासा एवढेच आहे. यंत्र वापरून आजार ताब्यात आला तर तो किती दिवसांत पुन्हा इंजिनवर चढेल, तोपर्यंत त्याच्या पगाराचे काय, हे त्या वाक्यात येत नाही; आणि त्याच्यासाठी सगळी पुस्तिका तेवढ्याच एका प्रश्नाची आहे. ॲग्रीच्या दुसऱ्या गटात विचारतात, ज्यांच्यासाठी लिहिले त्यांचे मत घेतले का? एखाद्या लोको पायलटला त्या टेबलाशी बसवले असते तर हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत आला असता. तो मित्र आज इथे आहे की नाही हे मी सांगणार नाही. मागे वळून बघू नका.

परवा त्याने फोन केला. विचारत होता, घरच्या घरी जी तपासणी होते तिचा कागद कोणाकोणाकडे जातो. मी म्हटले, तू पैसे भरलेस तर तुझ्याकडे. "बघतो," म्हणाला. एवढ्यावर ते प्रकरण सध्या थांबले आहे.

माझे म्हणाल तर मशीन घेतले. सी.जी.एच.एस.मध्ये त्यासाठी तज्ज्ञाची शिफारस, मंजुरी आणि कमाल दर अशी सगळी व्यवस्था आहे, त्या कागदांच्या मागे सौभाग्यवती लागल्या. त्यांच्या खात्यातल्या माणसाला फाईल कुठे अडते ते वासावरून कळते. पहिल्या महिन्यात यंत्राने दाखवलेली माझी सरासरी होती रात्री तीन तास वीस मिनिटे. म्हणजे 'सेव्ह' चाचणीतल्या लोकांएवढीच! रागावून मी मास्क काढून फेकत असे आणि सकाळी तो पलंगाखाली सापडे. मग मास्क बदलला, नाकावर बसणारा लहान घेतला. गेल्या महिन्याची सरासरी पाच तास चाळीस मिनिटे आहे. झोपेच्या पेंगेची जी प्रश्नावली असते, आठ प्रसंगांची, २४ गुणांची, तिच्यात मी स्वतःला आधी १३ दिले होते आणि बायकोने मला १९. आता दोघांचे मिळून एकमत ७ वर झाले आहे. त्यात एक प्रसंग आहे, दुपारच्या जेवणानंतर, मद्य न घेता, शांत बसलेले असताना. आपल्याकडे तिथे 'श्रीखंड न घेता' असे छापायला हवे.

ट्रॉलीमनला मी पेढे दिले. त्याने विचारले, प्रमोशन झाले का? मी हो म्हटले.

आरतीची तबके आलेली दिसतात, तेव्हा थांबतो. कोणाला मशीन प्रत्यक्ष पाहायचे असेल तर घरी जरूर या, चहा घेऊ. फक्त रात्री दहाच्या आत या. त्यानंतर मी तोंडावर मास्क लावलेला असतो आणि गेल्या महिन्यात शेजारचा लहान मुलगा मला पाहून रडला होता.